बाल्कनीतल्या गाठी

अमेरिकेत, ॲन आर्बरच्या थंडीत आम्ही सगळे देशी विद्यार्थी बाल्कनीचाच फ्रीझर करत असू. रविवारी पातेलंभर भाजी रांधायची आणि डबे बर्फात पुरायचे. माझ्या डब्यांशेजारी एक खोकाही असायचा. त्यात रानझुडपाच्या वाळक्या काड्या, प्रत्येकीवर सुपारीएवढी गाठ आणि गाठीत एका माशीची अळी. माझी पीएच.डी. या अळ्यांवर अडकली होती. किती जगल्या ते मार्चमध्ये मोजायचं. तोवर खोक्याला हात लावायचा नव्हता.

त्या वर्षी आई आली होती. बाबा श्रावणात गेले. सांगलीच्या घरात ती एकटी कशी राहील, म्हणून मीच हट्टाने तिला आणलं. ती दिवसभर शाल गुंडाळून हीटरशी बसे. खालच्या मजल्यावरच्या काकू बोलावून बोलावून थकल्या.

तिचं मन रमावं म्हणून एकदा मी मोजणीत नसलेली एक गाठ फोडली आणि खड्यासारखी गोठलेली अळी तिच्या तळहातावर ठेवली. थंडीआधी ही अंगात साखर आणि ग्लिसरीन साठवते, बर्फ पेशींच्या बाहेरच धरतो, असलं काहीबाही मी सांगत होते. आई ऐकतच नव्हती. थोड्या वेळाने अळी वळवळली. बाबा गेल्यापासून आईचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी लॅबमधून आले, तर खिडकीच्या काचेवर माश्याच माश्या. आईने सगळ्या काड्या केव्हाच आत आणून पलंगाखाली, हीटरच्या झोताशी ठेवल्या होत्या. रिकामा खोका तेवढा बाहेर बर्फाखाली होता.

"बघ, सगळ्या उठल्या," ती म्हणाली.

करायला गेले काय आणि वरती झाले पाय! मी तोंडाला येईल ते बोलले. या माश्यांनी मे महिन्यात बाहेर पडून कोवळ्या कोंबांवर अंडी घालायची असतात. आता बाहेर एक हिरवं पान नाही. माझं अख्खं वर्ष वाया गेलं, असंही सुनावलं.

माश्या एकेक करून गळत गेल्या. आई रोज सकाळी त्या कागदावर गोळा करायची. केरात टाकायला तिचा हात धजेना. शेवटी पुडी बांधून तिने ती बाल्कनीत, भाजीच्या डब्यांशेजारी ठेवली.

"तिथंच असत्या तर जगल्या असत्या ना?" आत येऊन तिने विचारलं.

"हो. थंडीने त्यांना काही झालं नसतं." माझा राग अजून उतरला नव्हता. "आत आणल्या म्हणून मेल्या."

आईने बाल्कनीचं दार लावलं आणि शाल सारखी केली.

"मग मला तरी कशाला आणलंस गं?"

त्याच आठवड्यात मी तिचं परतीचं तिकीट काढलं.