ब्रेकरच्या टाकीतलं करडीचं तेल

निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या नाहीतर दरोड्याच्या गोष्टी विचारतात. तशा बऱ्याच आहेत आणि आग्रह झाला की सांगतोही. पण न विचारता, आपली आपण मनात येते ती घटना वेगळीच आहे. तिच्यात ना सुरा होता, ना सोनंनाणं. होती ती एका साखर कारखान्यातली लोखंडी टाकी आणि तिच्यातलं तेल. संबंधितांपैकी काही जण अजून असतील, म्हणून कुणाचंच नाव घेत नाही.

बहात्तरचा दुष्काळ भरात होता. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. निम्मा दिवस विहिरीवरची भांडणं मिटवण्यात जायचा. एका सकाळी हजेरी चालू असतानाच कारखान्याची जीप आवारात आली. स्विचघरात स्फोट झाला होता आणि तिथला ऑपरेटर भाजला होता. त्याला नगरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. जीपमधून चीफ इंजिनिअर उतरले ते फिर्याद तोंडपाठ करूनच. आमच्याच वायरमनने हे मुद्दाम केलंय, त्याला आत्ता धरा, म्हणाले.

ज्यांचा कारखान्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या मोटारींचा करंट जोडणारं आणि तोडणारं जे यंत्र असतं त्याला ब्रेकर म्हणतात. मोटारीवर भार फार झाला की ब्रेकर आपोआप करंट तोडतो. तोडताना आत मोठी ठिणगी पडते. ती विझावी म्हणून त्या काळी ब्रेकरचे सांधे एका खास तेलाच्या टाकीत बुडवलेले असत. त्या सकाळी ऊस चरकाकडे नेणाऱ्या गव्हाणीत मोळी अडकली, मोटारीवर ताण आला, ब्रेकरने करंट तोडायला घेतला, पण आतली ठिणगी विझलीच नाही. टाकी फुटली आणि पेटलेलं तेल समोर उभ्या असलेल्या ऑपरेटरच्या अंगावर आलं.

पंचनाम्याच्या वेळी सरकारी विद्युत निरीक्षक हजर होते. बोलायला अगदी मोजके. त्यांनी टाकीच्या आतल्या दांड्यांवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला पिवळट चिकटा आला होता, डिंकासारखा.

"हे आपलं तेल नाही," ते म्हणाले. "ह्यात खायचं तेल मिसळलंय. करडीचं असावं. तापलं की असं चिकट होतं. दांड्या जड झाल्या, वेळेवर सुटल्या नाहीत."

बस्स, चीफ इंजिनिअरांना तेवढंच हवं होतं. तेलाच्या कोठीची किल्ली वायरमनकडे. हंगामाच्या सुरुवातीला ब्रेकर उघडून साफ करणं, जळके सांधे कानशीने घासणं, ते नीट जुळवणं, नवं तेल भरणं, सगळं त्याच्याच हातचं. शिवाय स्फोटाच्या दोन दिवस आधी सुट्टीवरून त्याचं ऑपरेटरशी कँटीनमध्ये भांडण झालं होतं आणि "एक दिवस भोगशील" असं तो चारचौघांत बोलला होता. हेतू, संधी, धमकी, सगळं तयार. अशी तयार ताटं वाढून आली की मला संशय येतो, पण हातात दुसरं काही नव्हतं. वायरमनला ताब्यात घेतलं. ऑपरेटर दगावला असता तर खुनाचं कलम लागणार होतं, आणि डॉक्टर अजून खात्री देत नव्हते.

वायरमन तिशीतला, काळासावळा, मानी माणूस. कोठडीतून आणून समोर बसवला तर खुर्चीच्या पाठीला पाठ लावून बसला. सहसा असं कुणी बसत नाही.

"तेल कुठं विकलंस?" मी विचारलं.

"न्हाई विकलं."

"मग टाकीत करडीचं तेल आलं कुठून?"

"ते तुमी शोधा. म्या सीलबंद डबा फोडून तेल भरलं. टाकीवरच्या खुनंच्या रेघंपर्यंत. हातानं ब्रेकर पाडून करंट तोडून बघितला, उचलून जोडून बघितला. माझं काम चोख हुतं."

"भांडण झालं होतं की नाही?"

"झालं. तो दर पंधरवड्याला सुट्टी घेऊन गावाकडं पळतो, आन त्याची पाळी मला भरावी लागती. शिव्या दिल्या. शिव्या दिल्या म्हून काय मानूस जाळतो का मी?"

दोन दिवस हेच चाललं. आवाज चढवला, समजावलं, बाहेर बायको बसलीय म्हणून सांगितलं. तिचं नाव काढल्यावर त्याचे डोळे भरले, पण जबाब तसूभर हलला नाही. वरून दर तासाला फोन. चेअरमनांची माणसं एका बाजूला, कामगारांचे पुढारी दुसऱ्या बाजूला, आणि गेटबाहेर उसाच्या गाड्या वाळत उभ्या. साहेबांनी फोनवर स्पष्ट विचारलं, आरोपपत्राला एवढा उशीर कशाला? मी म्हटलं, माणूस खरा धरलाय असं मला वाटलं की पाठवतो. ते चिडले. चिडू देत, म्हटलं मनात. एखाद्याला जन्मभर आत घालायचं तर आधी माझी खात्री व्हायला हवी.

दुपारी माझे एक जुने हवालदार टाकीतल्या तेलाचे नमुने भरलेल्या बाटल्यांना लाख लावत बसले होते. पाथर्डी भागातले, नोकरीची शेवटची वर्षं, बसताना-उठताना "आई गं" म्हणणारे. बसल्या बसल्या पुटपुटले, "घरात फोडनीला तेल न्हाई, दुकानापुढं रांगा लागल्यात, आन ह्यो बाबा करडीचं तेल मशिनीत वततोय. येडा हाय का चोर हाय, कळंना."

मी हातातला कागद खाली ठेवला. हवालदार बोलून गेले ते आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. यंत्राचं तेल चोरून त्या जागी त्याहून दुर्मीळ, लोक ज्यासाठी उन्हात उभे राहतात असं तेल ओतणारा चोर मी नोकरीत पाहिलेला नव्हता. चोराने पाणी ओतलं असतं, रॉकेल ओतलं असतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाटलीला लाख लावताना हवालदार तिचा वास घेत होते आणि माझी नजर टाळत होते.

"हवालदार, काय झालं?"

"काय न्हाई साहेब."

"इतक्या वर्षांत तुम्ही माझ्याशी खोटं बोलला नाहीत. आता बोलू नका."

त्यांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी अर्ध्या चड्डीखालचा गुडघा पुढे केला आणि म्हणाले, "ह्याच वासाचं तेल मी रोज चोळतो, साहेब. करंटचं तेल. वाताला लई गुन हाय. त्याच्यात करंट मुरलेला असतो नं, तो आत शिरून वात भाईर काढतो. बहिनीनं धाडलं तिसगावाकडून."

हसावं की चिडावं मला कळेना. ज्या तेलाचा शोध आम्ही गावभर घेत होतो ते ठाण्यातच, माझ्या हवालदारांच्या गुडघ्यावर चमकत होतं. तरी मी त्यांचाही रीतसर जबाब घेतला. त्यांना ते लागलं, पण माझा इलाज नव्हता.

तिसगावला बाजाराच्या दिवशी पोचलो. मी साध्या कपड्यांत, हवालदार बरोबर. त्यांच्या बहिणीला विचारलं, तिने वाडीवरच्या एका म्हातारीचं नाव सांगितलं. गुडघे धरलेल्या साऱ्या बायका तिच्याकडूनच करंटचं तेल नेत होत्या. बहीण पुढे म्हणाली, "तिचा ल्योक कारखान्यात हाय. तिकडं भाजला म्हनं बिचारा." तेव्हा मला धागा सापडला. दर पंधरवड्याला गावाकडे पळणारा ऑपरेटर तो हाच.

म्हातारी ओसरीवर बसली होती. लेक भाजल्याचं तिला ठाऊक होतं, पण थोडंच लागलंय असं सांगून भावकीने तिला दवाखान्यापासून दूर ठेवलं होतं. आम्ही कारखान्याकडून आलोय म्हटल्यावर तिने आधी लेकाचं विचारलं, मग पाण्याचा तांब्या पुढे केला. त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

तेलाचं विचारलं तर लपवालपवी नाही, उलट कौतुक. "बाटलीभर आनतो दर खेपंला. सफाईच्या दिशी मशीन बंद असतंय, रंग बघाया खालच्या तोटीतून थोडं काढावंच लागतं म्हनं. माज्या गुडग्याला गुन आला, मंग शेजारनींनाबी दिलं."

"आजी, कारखान्याचं तेल असं आणायचं म्हणजे..."

तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "फुकाट न्हाई आनत! पयल्याच खेपंला म्या त्याला दटावलं, कुनाचं फुकाट घेऊ न्हाई. घरच्या करडीचं तेल हुतं, घाण्यावरचं. जेवढं आनशील तेवढं तिथं वतायचं, म्हनलं. साठा सरत आलाय, पन देते अजून. आमी कोरड्यास बिनतेलाचं खातो."

हवालदारांनी मान खाली घातली. आता सांगणं माझ्या वाट्याला आलं होतं. कितीतरी घरी मी वाईट बातम्या नेल्या आहेत, पण अशी एकही नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. तिचं तेल त्या यंत्राला चालत नाही, त्यानेच टाकी फुटली, लेक बराच भाजलाय आणि दुसरा एक माणूस त्यापायी माझ्या कोठडीत आहे.

तिने लुगडं ओढून आपले गुडघे झाकले. मग म्हणाली, "त्यो दुसरा. त्याला आई हाय का?"

"आहे."

"मंग चला. लिवून घ्या माझं."

मी तिला बजावलं की तिच्या जबाबाने लेकावरच गुन्हा येऊ शकतो, नोकरी जाऊ शकते. कायद्याने तसं सांगणं बंधनकारक होतं असं नाही, पण फसवून घेतलेला जबाब मला नको होता. ती फक्त उठायला हात मागत होती. पोलिसांपुढच्या जबाबावर अंगठा घेत नाहीत, तो टिकतही नाही, म्हणून तिला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं ठरवलं. तिने एकच अट घातली. आधी लेकाला भेटणार, आणि त्याला तीच सांगणार.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन मिनिटं दिली. ऑपरेटरचे दोन्ही हात आणि छाती पट्ट्यांत होती. आईने सांगितलेलं त्याने ऐकलं आणि माझ्याकडे मान वळवली. वायरमनला धरलंय हे त्याला कुणी कळूच दिलं नव्हतं.

"साहेब, त्याला सोडा. त्याचं काम चोख असतंय," तो म्हणाला. मग पट्टीतला हात उचलायची त्याने धडपड केली. "पन म्या कधी कमी वतलं न्हाई. आईच्यान. खुनंपर्यंत भरायचो. उलट थोडं जास्तच."

मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. हवालदार उघड उघड रडत होते.

वायरमनला सोडलं त्या दिवशी मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो मऊ पडेल असं मला वाटलं होतं. तो उसळला. "मानूस मेला असता! मी जन्मभर आत सडलो असतो! ब्रेकर म्हंजे काय समई हाय का, मिळंल ते तेल घालाया?" बोलून बोलून दमल्यावर दारापर्यंत गेला आणि परत फिरला. "पन साहेब, चोर न्हाई तो. कागदावर चोर लिवू नका."

त्याने स्वतःसाठी एकच मागितलं, की तो निर्दोष आहे हे कारखान्याच्या गेटवर सगळ्यांसमोर सांगावं. मी वर्दी घालून गेलो आणि चीफ इंजिनिअरांना शेजारी उभं करून सांगितलं. ऑपरेटरवर हयगयीचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटने दंड करून सोडला. तो जगला, पण त्याची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. कारखान्याने त्याला गेटवर बसायचं काम दिलं. माझ्या अहवालात चोरी हा शब्द कुठेच नव्हता, आणि त्याबद्दल मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली.

या प्रकरणाने मला तपासाची एक सवय लावली. गुन्ह्याच्या जागेवरून काय गेलं हे आम्ही पोलीस पहिल्यापासून विचारतो. तिथं कुणी काय आणून ठेवलं, हे मी त्यानंतर विचारू लागलो, आणि त्याचा पुढे अनेकदा उपयोग झाला. दुसरं असं कळलं की दोषी माणूस घाबरलेला दिसेलच असं नाही. ज्याला आपण वागलो ते बरोबरच वाटतं, तो चौकशीत पाणी देतो, बसायला चटई टाकतो.

मात्र एका प्रश्नापुढे मी तेव्हाही हरलो होतो. मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झाला, अंगठा उठवला, आणि जीपकडे जाताना म्हातारी मधेच थांबली.

"साहेब, मला अडानीला येक सांगा. म्या त्याला तेल वताया लावलं न्हाई, फुकाटच आनू दिलं असतं, तर?"

मी हाच प्रश्न विद्युत निरीक्षकांना आधीच विचारला होता. त्यांचं उत्तर सरळ होतं. नुसतंच काढलं असतं तर तेल खुणेखाली गेलं असतं, कुणाच्याही लगेच नजरेस आलं असतं, वायरमनने नवं भरलं असतं आणि काहीही झालं नसतं. तिच्या लेकाने सरळ चोरी केली असती, तर त्याचे हात आज धड असते.

"मला त्यातलं कळत नाही, आजी," मी म्हणालो आणि तिला जीपमध्ये चढायला हात दिला.