रेघेची आतली कड

सॉमरसेटमधल्या नेदर कोंब गावच्या मैदानावर हेस्टर पडिफुट एकतीस वर्षं रेघा आखत होती. नवरा वारल्यावर चुन्याची बादली तिच्याकडे आली. खेळणाऱ्यांबद्दलची तुच्छता मात्र तिची स्वतःची कमाई.

"दोन धावा काढतात आणि चार दिवस मिरवतात," ती म्हणायची.

त्यातही कर्णधार क्रिस्पिन हॅलीवेल तिच्या डोक्यातच जायचा. चहाच्या वेळी काकडीचं सँडविच चावत तो नवख्यांना शिकवायचा, "पॉपिंग क्रीज म्हणजे पुढची पांढरी रेघ. तिच्यावर बॅट टेकली की आपण सुखरूप."

दहा वर्षं कर्णधार, आणि अक्कल एवढीच! हेस्टर कपबशा विसळत राहायची.

ऑगस्टमध्ये शेजारच्या गावाशी सामना होता. हॅलीवेल दुसरी धाव घ्यायला बागेत फिरायला निघाल्यासारखा निघाला. यष्टिरक्षकानं बेल्स उडवल्या, तेव्हा त्याची बॅट रेघेवर टेकलेली होती. पंच टॅपस्कॉट, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा भित्रा जीव, त्यानं बोट वर केलं.

"रेघेवर आहे! डोळे फुटले का?" हॅलीवेल ओरडला.

टॅपस्कॉटचं बोट डळमळू लागलं. तशी हेस्टर गमबूट आपटत थेट मैदानात शिरली.

"बाई, तुम्ही चुना लावा. नियम आम्हाला कळतात," हॅलीवेल म्हणाला.

"काय कळतात, दिसतंय ना!" ती वाकली आणि रेघेच्या स्टंपांकडच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. "ही कड म्हणजे क्रीज. बॅट हिच्या आत हवी. चुन्याची रुंदी तुमच्या वडिलांनी ठेवलेली नाही. आधी इथे खड्डा असायचा म्हणतात. धावणाऱ्यानं त्यात बॅट खुपसायची, नाहीतर त्याच्या आधी यष्टिरक्षकानं चेंडू. बोटं चेचायला लागली म्हणून रेघ आली. तुमच्यासारख्यांना खड्डाच बरा होता. निदान पडल्यावर तरी कळलं असतं."

पाहुणे खो खो हसले. हॅलीवेल बाद झाला, सामनाही गेला.

सोमवारी समितीचं पत्र आलं: आपल्या सेवेची यापुढे गरज नाही. खाली पाच सह्या. पाचवी टॅपस्कॉटची, सगळ्यांत वळणदार. हेस्टरनं त्या कागदावर वाटाणे सोलले.

पुढच्या शनिवारी हॅलीवेलनं स्वतः रेघा मारल्या. गांडूळ सरपटल्यासारख्या! क्रीज तर स्टंपांपासून चार फुटांऐवजी साडेतीनवरच आली होती. पाहुण्या कर्णधारानं खेळायला नकार दिला. क्लबचा चिटणीस अँब्रोज प्लम-केक घेऊन हेस्टरच्या दारात आला.

"झालं त्याचं फार वाईट वाटतं आम्हाला."

"वाईट कसलं वाटतंय! अडलंय तुमचं."

तिनं केक ठेवून घेतला आणि बादली उचलली. गवतानं तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तासाभरात नव्या रेघा पडल्या. हॅलीवेल जवळ येऊन घसा खाकरू लागला.

"ओल्या चुन्यावर उभे आहात," ती म्हणाली. "सरका."

तो सरकला. माफी मागायला आला होता की आणखी कशाला, हे विचारायची तिला गरज वाटली नाही.

घरी येऊन तिनं केक कापला. चांगला झाला होता. अँब्रोजच्या बायकोनं केला असणार; त्याला स्वतःला अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं.