कॉलरी, कॉलेज नव्हे

प्रफुल्लचे वडील प्राध्यापक नव्हते.

परवा तो इंग्लंडात, रीडिंग शहरात, हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून त्याच्या फेसबुक वॉलवर सगळे लिहितायत, प्रोफेसरांचा मुलगा, घरचे संस्कारच तसे.

ही चूक माझी आहे. पुढे पुढे तर तिला थापच म्हणायला हवं.

प्रफुल्ल चंद्रपूरकडचा. लंडनजवळ इल्फर्डला रूममेट झालो तेव्हा मी विचारलं, वडील काय करतात. "कॉलरीत होते," तो म्हणाला.

आम्हा पुणेकरांना हा शब्द कुठून माहीत असणार. मी 'कॉलेजात' ऐकलं आणि गावभर केलं. गणपतीत, पार्टीत, जिथे तिथे, हा प्रफुल्ल, प्रोफेसरांचा मुलगा. दोन-तीनदा तो मध्ये काही बोलायला गेला. पण मी बोलू देईन तर ना.

२००५च्या मेमध्ये, बँक हॉलिडेला आम्ही कार काढून केंटला गेलो. इंग्लंडचं वाळवंट बघायची आयडिया माझी.

वाळवंट कसलं, डंजनेसला नुसते गोटे. काळं लाइटहाउस, मागे अणुवीज केंद्र, गोट्यांवर सडत पडलेल्या होड्या. मे महिन्यात हुडहुडी भरली आणि मी दिवसभर कुरकुरलो.

मग त्यानेच डोव्हरच्या पुढे, कोळशाच्या खाणींच्या जुन्या गावांकडे गाडी घ्यायला लावली.

विटांची एकसारखी घरं, बंद दुकानं. गावाबाहेर काचा फुटलेली एक इमारत आणि एक गंजकी पाटी. त्याने पाटीवरच्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"अबे, वाच. कॉलरी. माझे बाबा याच्यात होते. तीस वर्षं, जमिनीच्या खाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हसला. "आता मी सांगितलं तर लोक म्हणतील, इतके दिवस लपवलं," असं म्हणाला. "तू बोलला, तूच सांग."

सांगतो म्हणालो.

कुंपणापाशी त्याला कोळशाचा एक तुकडा सापडला. सँडविचच्या कागदात गुंडाळून त्याने तो खिशात ठेवला. बाबांना पाठवायचा होता.

मी सांगितलं नाही.

गणपतीत सांगू म्हटलं, मग दिवाळीत. लोक मला हसतील, एवढंच कारण. पुढे तो रीडिंगला गेला, मी एडिनबराला आलो. त्याने पुन्हा कधी विषय काढला नाही.

काल त्याच्या घरी फोन केला. त्याच्या बहिणीने, सुषमाताईंनी उचलून त्याच्या बाबांना, शामरावकाकांना दिला. प्रत्येक वाक्यानंतर खोकत होते. तिकडून बऱ्याच जणांचे फोन आले, सगळे मला प्रोफेसर समजून सर, सर म्हणत होते, असं काका सांगत होते. मग विचारलं,

"खरं सांग बाबू. आमच्या प्रफुल्लले माझी लाज वाटे काय?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. काकांनी फोन ठेवला. त्यांना तो होकारच वाटला असणार.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय. सुषमाताई, काकांना हे मोठ्याने वाचून दाखवा.

काका, त्याने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. नीट ऐकलं नाही ते मी. लाज वाटली तीही मला, माझ्या चुकीची.

तुम्हाला पाठवलेला तो कोळसा त्याने जपून, दोन्ही हातांनी उचलला होता. मी तिथे होतो.

प्रफुल्ल, सांगायला फार उशीर केला रे. माफ कर.

कॉलरीतल्या शामरावांच्या मुलाला माझा शेवटचा नमस्कार.