गेणू शिंप्याची पट्टी

मी लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये तेवीस वर्षे घण मारला. घणाला जोर लागतो असे लोकांना वाटते. जोर लागतोच, पण सारखेपणा जास्त लागतो. पहिला घाव आणि शंभरावा घाव एकाच वजनाचा पडला पाहिजे. तो सारखेपणा माझ्या हातात यायला चार वर्षे गेली. गेणू शिंप्याच्या पायात तो होता.

गेणू आमच्या मळवलीचा. स्टेशनासमोर पत्र्याच्या छपराखाली त्याचे दुकान. दुकान म्हणजे एक मशीन, एक पाट आणि कापड मापायचा एक गज. बंड्या, पैरणी, चोळ्या शिवायचा. काजं हाताने करायचा, आणि इतकी सरळ काजं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. बायको झुंबरबाई बटणे लावायची आणि नवऱ्याला बोलायची. दोन्ही कामे चोख.

सन चौतीसच्या सुमारास स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत फुकट दवाखाना सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी पुण्याहून डॉक्टर सकाळच्या गाडीने येत, संध्याकाळच्या गाडीने जात. ताप-खोकल्याचे डॉक्टर बदलत असत. दातांचे एकच, डॉक्टर त्र्यंबक. त्यांनी आपले जुने यंत्र आणून ओसरीवर उभे केले. लोखंडी खांब, खाली पायडल, मोठे चाक, चाकावरून दोरी, आणि दोरीच्या शेवटी गरगर फिरणारे बारीक टोक. त्याने दाताची कीड कोरून काढायची आणि भोकात चांदी भरायची. लोकांनी यंत्राचे नाव भिंगरी ठेवले.

आणताना भिंगरीचा आस वाकला होता. तो सरळ करायला मला बोलावले. रविवारी मला सुट्टी असे, म्हणून मग मी जातच राहिलो. रोग्याचे डोके धरायला कुणीतरी लागायचेच.

चांदीची गोष्ट लोकांना पटेना. भाजे गावचे रखमाजी आबा, पन्नाशीतले शेतकरी, पहिल्याच दिवशी म्हणाले, "फुकट चांदी? आन मेल्यावर माघारी न्याया कोन येनार?"

"कोणी येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग म्हातारीच्या दातात भरा आदी. तिची चाळीस वर्सं बडबड ऐकली, कायतरी परत मिळंल."

डॉक्टर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने पायडल मारत आणि त्याच वेळी हाताने दात कोरत. नवव्या रोग्याला पाय थरथरू लागे. बायकांच्या बाजूला पडदा लावायला गेणू एकदा आला होता. पडदा हातात तसाच धरून तो डॉक्टरांच्या पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाय दमला तुमचा. आता हात चुकंल."

"मग काय करू?"

"तुमी हात बगा. पाय माज्याकडं द्या."

वहाणा काढून तो एका खोक्यावर बसला. आधी भिंगरी खोकल्यासारखी चालायची. त्या दिवशी ती एका सुरात चालली. इशारे दोनच ठरले. डॉक्टरांनी डावे कोपर उचलले की थांबायचे, खाली दाबले की हळू. दोन वर्षांत तिसरा इशारा लागला नाही.

आमच्याकडे एक समज पक्का होता. खालचा दात काढलेला चालतो. वरचा काढला की त्या अंगाचा डोळा जातो. डॉक्टर वरच्या दाताला चिमटा लावायला गेले की माणूस उठून चालू लागे. गेणू खोक्यावरून त्यांना सांगायचा, "बसा वो, काय हुत न्हाई. शिकल्यालं डॉक्टर हायेत." त्याच्या सांगण्यावरून दोघे-तिघे बसलेही होते. पण ते परगावचे. त्यांच्या डोळ्यांचे पुढे काय झाले ते कुणाला कळले नाही.

सन छत्तीसच्या श्रावणात रखमाजी आबांचा खालचा दात कोरायला घेतला होता. मी डोके धरले होते. अचानक भिंगरीचा सूर तुटला. पुन्हा लागला, पुन्हा तुटला. आबा ओरडले. डॉक्टरांनी कोपर उचलले.

"गेणू, पाय हाय का पायतान?" आबा रक्त थुंकत म्हणाले.

"गेणोबा, काय झालं?" डॉक्टरांनी विचारले.

"काय न्हाई."

झुंबरबाई मागे चुलीवर हत्यारे उकळत होती. ती तिथूनच बोलली, "काय न्हाई कसं? आट दिस लवंग दाबून बसलाय. भाकर दुदात बुडवून गिळतोय. दाड किडलीया, उजवी. वरची."

डॉक्टरांनी गेणूचे तोंड उघडून पाहिले. "ही भरण्यापलीकडे गेली. काढावी लागेल. ठेवलीत तर गळू होईल, आणि ते तापासकट अंगात भिनेल."

गेणूने तोंड मिटले. "वरची न्हाई काडायची."

आबा आपले दुखणे विसरले. "आरं वा! आमाला दोन वर्सं काय सांगत हुतास? बसा वो, काय हुत न्हाई!"

"आबा," गेणू म्हणाला, "तुमचा योक डोळा गेला तरी तुमी नांगुर धराल. माजा गेला तर मी काय धरू?"

डॉक्टरांनी समजावले, की दाताचा आणि डोळ्याचा काही संबंध नाही. गेणूने ऐकून घेतले, वहाणा घातल्या आणि गेला. पाय चुकला होता, म्हणून खोक्यावर परत बसायला तो तयार नव्हता.

त्या दिवशी पायडलवर मी बसलो. माझा पाय घणाला टेकू देणारा. पहिल्याच दाबाला दोरी तुटली. डॉक्टर म्हणाले, "बजरंग, हे घाटात चढणारं इंजिन नाही."

पुढच्या खेपेला गेणू आला तो गाल बांधून. काखेत गज होता आणि हातात मांजरपाटाची एक पट्टी. त्याने दोन आठवडे विचार केला होता.

"डॉक्टरसाहेब, तुमी म्हनता डोळा जात न्हाई. लोक म्हनत्यात जातो. मापल्याबिगार मी कापड कापत न्हाई. डोळा बी मापून घिऊ."

त्याची रीत अशी. गजाचे एक टोक गालाच्या हाडाला लावायचे. एक डोळा फडक्याने बांधायचा. दहा नंबरची सुई गजावर धरून जवळ जवळ आणायची. फार जवळ आली की सुईचे नेढे पुसट होते आणि दोरा ओवता येत नाही. सर्वांत जवळ कुठे ओवता येतो, तो इंच धरायचा. एकदा ओवून चालणार नाही, लागोपाठ तीनदा. डॉक्टर खुर्चीवरून उठून त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि इंच वाचू लागले. रोगी दात विसरून भोवती उभे राहिले.

उजवा डोळा, आठ इंच. डावा डोळा, आठ इंच.

गेणूला आकडे वाचता येत, पण लिहिण्यापेक्षा टाक्यावर त्याचा भरवसा जास्त. त्याने पट्टीवर लाल दोऱ्याचे आठ टाके घातले, ते उजव्याचे. खाली काळे आठ, ते डाव्याचे. दोरा दाताने तोडून खुर्चीत बसला.

"डावा कशाला मापला?" मी विचारले.

"डाव्या अंगाचा दात काडायचा न्हाई. जोडीला कोन तरी पायजे ना."

डॉक्टरांनी हिरडीत बधिर करायची सुई टोचली आणि थांबले. मी डोके धरले. दाढेला तीन मुळे होती आणि तिन्ही वाकडी. पाऊण तास लागला. गेणू ओरडला नाही. पण त्याने उजवा डोळा एकदाही मिटला नाही. डोळा जाताना आपल्याला कळले पाहिजे, असे त्याच्या मनात असावे. डोळ्यातून पाणी वाहू लागले तशी मागून एक बाई म्हणाली, "चालला बगा, चालला!"

"पाणी हाय त्ये," झुंबरबाई म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी गाल सुजला. तिसऱ्या दिवशी सूज इतकी वर चढली की उजवा डोळा पार मिटला. मी शेडमधून परतताना दुकानाकडे गेलो. मशीनवर कापड पांघरलेले. बाहेर दहा-बारा माणसे. कुणी औषध सांगायला आले नव्हते, बघायला आले होते. रखमाजी आबा भाज्याहून चालत आले होते. ते हसले नाहीत. गेणूशेजारी बसून म्हणाले, "माज्या आत्याचा आसाच गेलता."

गेणू डाव्या डोळ्याने पट्टीकडे बघत बसला होता. तीन दिवसांत त्याने एक टाका घातला नव्हता. "बजरंग," तो मला म्हणाला, "ह्यो डोळा गेला तर पायडल मारनारा मिळंल मशीनला. सुई कोन ओवनार?"

"सूज हाय. सूज उतरती," मी म्हणालो. उतरेल की नाही ते मला माहीत नव्हते.

सूज आल्यापासून झुंबरबाई मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या देत होती आणि गाल शेकत होती. डॉक्टरांनी जाताना तेवढेच सांगून ठेवले होते. दर तासाला एकदा, दिवसभर. तिने एक तास चुकवला नाही. पाचव्या दिवशी पापणी उघडली. सहाव्या दिवशी गेणूने डावा डोळा बांधला आणि गज गालाला लावला. पहिली खेप फुकट गेली. त्याने हात मांडीवर ठेवला, शंभर मोजले आणि पुन्हा सुरुवात केली. लागोपाठ तीनदा ओवली.

"आट," तो म्हणाला. मग डावा मापला. आठ.

त्याने पट्टीवर दुसरी ओळ घातली आणि मशीनवरचे कापड काढले. पुढच्या पहिल्या रविवारी तो खोक्यावर होता.

लोकांचे मात्र समाधान झाले नाही. आबा म्हणाले, "डोळा यकदम जात न्हाई. सावकास जातो. माज्या आत्याला तीन वर्सं लागली."

"बरं," गेणू म्हणाला, "दर वर्सी मापू."

खंडेनवमीला आम्ही आपापली हत्यारे पुजायचो. मी घण, गेणू मशीन आणि सुया. भिंगरीलाही तो झेंडूची माळ घालायचा. पूजा झाली की डोळे मापायचे आणि पट्टीवर एक ओळ घालायची. दोन वर्षे आठच आले. तिसऱ्या वर्षी साडेआठ. त्याने अर्धा टाका घातला. चाळीस साली दहा. आकडा ऐकून आबा मान हलवायचे. त्यांच्या वरच्या दातातही तेव्हा कळ सुरू झाली होती, पण ते तोंड उघडत नव्हते.

लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या डेपोसाठी खाकी सदरे शिवायचे काम आले. दिवसाला चाळीस काजं. त्रेचाळीस साली बारा इंच. चव्वेचाळीस साली तेरा. सुई हात लांब करून धरावी लागे, आणि लांब धरलेल्या सुईने काज सरळ येत नाही. तीन सदरे परत आले. गेणूचे काम पहिल्यांदाच परत आले होते.

रविवारी त्याने पट्टी डॉक्टरांपुढे पसरली. नऊ वर्षांच्या ओळी. आबा, मी, झुंबरबाई, सगळे वाकून बघत होतो.

"गेला म्हना की शेवटी," आबा म्हणाले.

गेणूने लाल टाक्यांवरून बोट फिरवले. मग काळ्यांवरून. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून. तो हळूच म्हणाला, "आबा, मोजा तुमी."

आबांनी मोजले. "लाल तेरा. काळं... तेरा."

"त्याच्या आदीची ओळ?"

"बारा. बारा."

"डाव्या अंगाची दाड अजून हाय तोंडात. ही बगा." गेणूने तोंड उघडून दाखवले. "मंग डावा कशापायी चालला?"

आबांनी सगळ्या ओळी दोनदा मोजल्या. शेवटी डॉक्टरांकडे बघितले.

"वय," डॉक्टर म्हणाले. "चाळिशी लागली की दोन्ही डोळे असेच लांब बघू लागतात. माझेही तसेच आहे. चष्मा लावा."

पंधरा दिवसांनी गेणूच्या नाकावर चष्मा आला. गज लावून मापले. आठ. पट्टीवर ओळ घातली आणि चार सदऱ्यांची काजं त्याच दिवशी पुरी केली.

पुढच्या रविवारी आबा न बोलवता खुर्चीत बसले. "काडा वरचा, उजवा. पर आदी माजा डोळा मापा."

"सुई ओवता येती का?" गेणूने विचारले.

"उभ्या जन्मात न्हाई."

मग असे ठरले की आबांनी डावा डोळा झाकायचा आणि उजव्याने विसापूरच्या उतारावर चरणारी गुरे मोजायची. आबांनी मोजली. सतरा. दात निघाला, अर्धा तास गेला, आबांनी तोंडात कापूस धरून पुन्हा मोजली. अठरा.

"योक वाडलं!" आबा कापूस थुंकून ओरडले. "आरं, डोळा सुदारला!"

"गुरं चालत्यात आबा," गेणू वैतागून म्हणाला. "झाडामागनं आलं आसंल. मापाला हालती वस्तू धरू न्हाई."

आबांनी ऐकले नाही. पंधरा दिवसांत ही बातमी लोहगडवाडीपर्यंत गेली. त्या रविवारी ओसरीवर अकरा माणसे होती. डॉक्टरांनी एकेकाचे तोंड पाहिले. चौघांचे सगळे दात धडधाकट.

"तुम्हाला काय होतंय?" डॉक्टरांनी एकाला विचारले.

"कुटं काय? वरचा काडा. नजर वाडवायची हाय."

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसले. गेणू खोक्यावरून उठला. त्याने चष्मा काढून त्या चौघांपुढे धरला.

"माजा बी वरचा काडलाय," तो म्हणाला. "नजर वाडली आसती तर ह्ये कशाला लागलं आसतं?"

चौघे चष्म्याकडे बघत राहिले. मग एक उठला. त्याच्यामागे बाकीचेही उठले. उरलेल्या सात जणांचे दात खरेच किडले होते. त्यांतल्या तिघांचे वरचे. कुणी हलले नाही.

गेणूने चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि पायडलवर पाय ठेवला.

"घ्या डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "पयला कोन?"