जावईबापूंचं पेडल

जळगावात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नाची रिसेप्शनं आणि नवरात्र, एवढ्यावर तो चालायचा, आणि ड्रमवर मी बसायचो. मालक नाना. नानांना तालातलं काडीचं कळत नव्हतं, पण मॅटाडोर त्यांची आणि स्पीकरही त्यांचे, त्यामुळे सगळं त्यांनाच कळतं असं आम्ही धरून चालायचो.

नव्वदनंतर इलेक्ट्रॉनिक वाद्यांचं खूळ आलं. नानांचे जावई सुरतेला साड्यांच्या दुकानात होते. तिथल्या गरब्यात ते एकदा ड्रमवाल्याच्या मागे बसले, आणि तेवढ्यावर तज्ज्ञ होऊन परतले. नवरात्राच्या तोंडावर ते इलेक्ट्रॉनिक ड्रमचा सेट घेऊन जळगावला आले. सोबत डबल पेडल. आमच्या साध्या पेडलवर उजवा पाय दाबला की एक दांडा पुढे जाऊन मोठ्या ढोलावर आपटायचा. या नव्या यंत्रात डाव्या पायालाही पेडल, दोन्ही पेडलांच्या मधून एक लोखंडी दांडी, आणि दोन दांडे शेजारीशेजारी एकाच पॅडवर आपटणार. ढोल तर नव्हताच. ताटलीएवढं रबराचं पॅड, त्याला वायर, आणि आवाज स्पीकरमधून.

जोडणी आमच्या गोडाउनमध्ये झाली. आम्ही सगळे उभे, जावईबापू स्टुलावर. पायात टाचेचे बूट, असे की चालताना माणूस चार बोटं उंच व्हावा आणि तरीही जावईबापू बुटकेच दिसावेत. त्या बुटांनी दाबून दाबून त्यांनी स्प्रिंगा आवळल्या. दांडे पॅडपासून लांब नेले, म्हणजे म्हणे फटका जोरात बसतो. मी म्हटलं, "जावईबापू, डावा दांडा पॅडच्या कडेला लागतोय. आणि स्प्रिंग जरा ढिली ठेवा, पाय परत यायला वेळ मिळेल." त्यांनी माझ्याकडे न बघता स्प्रिंगला आणखी एक पीळ दिला.

नानांनी मला बाहेर नेलं. "जवाईले काही बोलू नको," म्हणाले. मालकाशी वाद घालता येतो, गाणारीशी घालता येतो, देवाशीसुद्धा घालतात लोक. पण जावयाने स्क्रू उलटा फिरवला तरी तो सुलटाच. आत आलो तर जावईबापू बायकोची नेलपॉलिश घेऊन प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका देत होते, सेटिंग कुणी हलवू नये म्हणून. आमच्या ढोलकीवाल्या आबांनी तो रंग बघून पॅडला नमस्कारच केला. त्यांना वाटलं कुंकू लावलंय.

मग नानांनी खरी गोष्ट काढली. धुळ्याच्या मंडळाच्या कार्यक्रमात ड्रमवर जावईबापू बसणार. त्यांचं जमलं तर पुढेही तेच, सुरतेची नोकरी तशीही त्यांना पुरत नाही. मी खुळखुळा वाजवावा. ज्या जागेवर बसून मी घर चालवत होतो ती जागा नेलपॉलिशच्या ठिपक्यांवर गेली. संताप असा आला की धुळ्याला जाताना पारोळ्यापर्यंत मी खुळखुळा पायाखाली दाबून बसलो.

धुळ्यात मांडवात देवी बसली होती आणि स्टेज तिच्या अगदी समोर. स्टेजवर सतरंजी. आम्ही खाली चपला काढून अनवाणी चढलो, कायम चढायचो तसे. जावईबापू बुटांसकट चढले. मंडळाची एक अक्का पुढच्या रांगेतून उठली. नाना तिला काही सांगायला गेले, तिने ऐकलंच नाही.

"बूट काढ रे भाऊ. देवी बठेल शे आठे."

जावयाला जावई म्हणून ओळखणारं धुळ्यात कुणी नव्हतं. बूट निघाले.

आता टाच नाही, बुटाचा तळ नाही, नुसता मऊ पाय आणि बुटांच्या वजनावर आवळलेली स्प्रिंग. पहिल्याच गाण्याला उजवं पेडल अर्धवट दबलं, डाव्यावरून पाय सटकला. स्पीकरमधून कधी एक ठोका, कधी काहीच नाही. त्यांनी चिडून डाव्या पायाने जोर लावला तर अख्खं पेडल सतरंजीवरून घसरत गाणारीच्या साडीपर्यंत गेलं. ती बाजूला सरकून गात राहिली. मागची पोरं हसायला लागली, आणि मी खुळखुळा हलवत होतो, अगदी तालात, मनापासून.

गाणं संपताच नानांनी मला स्टेजमागे बोलावलं. चेहरा उतरलेला. "तू बस," म्हणाले. "पण जवाईना मान राहायला पाहिजे."

नेलपॉलिश मी नखाने खरवडली. उजवी स्प्रिंग ढिली केली, दांडा पॅडजवळ आणला, मधली लोखंडी दांडी काढून पेटीत टाकली. डाव्या पेडलचा आता कशाशीच संबंध उरला नाही. एका पायावर गरबा उठला, अक्कासुद्धा टाळ्या देत होती. माईकवर नानांनी सांगितलं, दोन पायांचा ड्रम, सेटिंग सुरतेच्या आमच्या जावईबापूंचं. आणि माझ्याकडे वळून डोळ्यांनी डावा पाय दाखवला. मी तो हलवायला लागलो.

जागा परत मिळाली, ती याच अटीवर. शिंदखेडा असो, जामनेर असो, डावं पेडल मांडायचं, आणि जावईबापू समोर असोत-नसोत, त्यावर पाय नाचवायचा. ऑर्केस्ट्रा बंद पडेपर्यंत नाचवला. पगार उजव्या पायाचा मिळायचा.