दादानं जोडून आणलेलं दार

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरी घेत होते. माहेरून, बेल्याहून पुतण्याचा आवाज… “आत्या, बाबा गेले.” पुढं तो काय बोलला ते आठवत नाही. माझा थोरला भाऊ, बेल्याचा सुतार, आदल्या संध्याकाळपर्यंत रंधा मारत होता. महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

दादा हट्टी, आणि मी त्याचीच बहीण. आदिलाबादला आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा चौकट सागाची आणि दादाच्याच हातची, हे मी ठरवून टाकलं. आमच्याकडे चौकट उभी करताना पूजा होते, सुताराला धोतर-शेला देऊन मान करतात. तो मान माझ्या दारात माझ्या भावाला मिळावा, एवढीच हौस. पण आम्ही पैसे जमवावेत, तोवर लाकडाच्या डेपोत सागवानाचा भाव चढलेला. जंगल उशाशी असून आपण लाकडाला महाग झालो, असं आमचे हे म्हणत. भिंती उभ्या राहिल्या, चौकटीची जागा मोकळीच, आणि आम्ही भाड्याच्या खोलीत. सगळे समजावून थकले, मी काही ऐकेना.

शेवटी दादाच आला. त्या मोकळ्या जागेत थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “काऊन अडून राह्यली तू? सिमिटाची बसव अन् राहाले ये.”

जन्मभर सिमेंटच्या चौकटींना नावं ठेवणारा हा माणूस! त्यानंच ती पसंत केली, गवंड्याकडून ओळंब्यात बसवून घेतली, हळदकुंकूही वाहिलं. मी धोतर-शेल्याचं ताट पुढं केलं, तर हात मागं घेतले.

“लाकडाले हात लागला नाही, मान कायचा घेऊ?”

मी रडले, रागावलेही. कापड पेटीत गेलं आणि दाराच्या जागी पत्रा लावून आम्ही राहायला आलो.

तेव्हा गावोगाव जुनी घरं पाडून नवी बांधत होते. दादा जिथं कामाला जाई तिथून मोडक्या खिडक्यांचे, चिरलेल्या तुळयांचे सागवानी तुकडे मागून आणू लागला. हातचं काम संपलं की तेच तासत बसतात, विचारलं तर नुसतं ‘पाहू’ म्हणतात, अशी वहिनीची तक्रार. पोळा झाला आणि एक दिवस दादा टेंपोतून दार घेऊन उतरला. अरुंद पट्ट्या एकमेकींच्या खाचेत बसवलेल्या, खिळा कुठं नाही. एक काळपट, एक मधाच्या रंगाची… बेल्याकडची किती घरं त्या दारात आहेत देव जाणे. दार बसवलं, उघडून-लावून पाहिलं आणि शेजारपाजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“सुमे, आण आता माहं धोतर.”

लगेच नेसला, आणि बसमधूनही तसाच मिरवत गेला.

ते दार पावसाळ्यात फुगतं. फुगलेल्या लाकडाला रंधा लावायचा नाही, हवा कोरडी झाली की ते आपोआप आकसतं, असं दादा म्हणायचा. परवा ह्यांनी एका सुताराला बोलावलं होतं, त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. रोज सकाळी खांदा लावून दार ढकलते. ते अडतं, हटत नाही… आणि तेवढ्या वेळात मी दादाशी मनसोक्त भांडून घेते. दिवाळीनंतर दार मोकळं होईल. मग मी भांडू कोणाशी?