मशिनांभोवतीचा पत्रा

पत्रा एवढा उंच मारायची काय गरज होती? माणसाच्या डोक्यावर दोन हात?

गल्लीतल्या सगळ्यांना नमस्कार. माझ्या अन् शांतव्वाच्या घरांच्या मधी कापडाचं दुकान हाय. त्याच्या गच्चीवर एसीची मोठाली मशिनं. घुर्र घुर्र आवाज अन् गरम वारं, दोन्ही माझ्या अंगावर. मीच दुकानवाल्यांशी चार महिने भांडले. आज सकाळी खोलीबाहेर गच्चीवर आले, तर मशिनांच्या चारी बाजूंनी पत्रा! आवाज कमी झाला, पण पलीकडची शांतव्वाची गच्ची दिसंना झाली.

शांतव्वाला ऐकू येत न्हाय, मला जिना उतरवत न्हाय. म्हणून आमचं ठरलेलं. सकाळी उठलं की लुगडं दोरीवर टाकायचं. दिसलं म्हणजे म्हातारी उठली.

पत्रेवाला शेवटचे स्क्रू पिळत होता. त्याला म्हणलं, "जरा कापून खाली घे की रं."

"आजी, मशिनं नजरंला पडायला नकोत, असं तुमीच सांगितलं की."

"व्हय, सांगितलं. जीभ माझीच."

माझा लेक पुण्याहून रविवारी फोन करतो. बाकीचे सहा दिवस माझ्याकडं शांतव्वाच बघायची. आज मी लुगडं टाकलं, पण बघायला कोण हाय?

तिच्या सुनेला दोनदा फोन लावला, उचलला न्हाय. ती या ग्रुपवर हाय. हात जोडलेली चित्रं कुणी टाकू नका. सुनेनंच लिहायचं, बाकीच्यांनी गप बसायचं: सासू आज उठली का?